साथीची साक्ष

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. तिथपासून १९१८ सालाच्या अखेरीपर्यंत मराठी मुलखाने दोन महाभयंकर साथी सोसल्या, एक प्लेगची आणि दुसरी इन्फ्लुएंझाची. प्लेग वर्षानुवर्षे परतून येत राहिला. इन्फ्लुएंझा जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट देशभर फिरली आणि वर्ष सरता सरता ती ओसरूही लागली. एवढ्या थोड्या अवधीत भारतात किती माणसे गेली याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, असे त्यानंतरच्या दशकांत पुन्हा दिसत नाही. सर्वाधिक फटका बसलेल्या प्रदेशांत मुंबई इलाखा होता, मध्य प्रांत होता. म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा बराचसा भाग. आणि तरीही मराठी माणसाला प्लेग ठाऊक आहे, इन्फ्लुएंझा ठाऊक नाही. प्लेग म्हटले की पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आठवतो, त्याला मारणारे चापेकर आठवतात, मेलेले उंदीर, गावाबाहेर शेतात उठलेल्या झोपड्या आणि हाफकिनची लस आठवते. १९१८ चे नाव काढले तर शंभर वर्षे शांतता होती. २०२० मध्ये करोना आला तेव्हा कुठे ‘अशी साथ पूर्वीही येऊन गेली होती’ हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. आपल्याच पणजोबा-पणजींच्या आयुष्यातली ती गोष्ट होती.

मृतांची संख्या जितकी मोठी तितकी आठवण खोल, असा आपला समज असतो. वरचे उदाहरण तो मोडून काढते. प्लेगची आठवण टिकली कारण त्याच्याभोवती लिहिले गेले. ‘केसरी’ने सरकारी बंदोबस्ताच्या जाचाविरुद्ध लिहिले, राजद्रोहाचा खटला उभा राहिला, त्यातल्या साक्षी नोंदल्या गेल्या. दामोदर चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात आपली हकीकत लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस येतात. धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम पुण्यातून हिंगण्याला गेला तोही प्लेगमुळे, म्हणून संस्थांच्या इतिहासातही त्याची खूण राहिली. इन्फ्लुएंझाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्याला रँडसारखा शत्रू नव्हता, त्याच्यावर खटला भरता येत नव्हता. महायुद्ध संपत आले होते, पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. त्या गर्दीत ताप येऊन तीन-चार दिवसांत माणसे जात राहिली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू झाल्याची नोंद आहे. संख्या आपल्या हाती आहे. त्या ७६८ घरांपैकी एकाही घरात त्या रात्री काय घडले, हे सांगणारे लेखन मात्र सहजी हाती लागत नाही. हिंदीतही परिस्थिती फार वेगळी नाही. सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी ‘कुल्ली भाट’मध्ये त्या साथीत गेलेल्या पत्नीबद्दल, इतर आप्तांबद्दल आणि प्रेतांनी भरलेल्या गंगेबद्दल जे लिहिले, तेच इतिहासकार पुन्हा पुन्हा उद्धृत करतात. कोट्यवधी मृत्यूंचा भार एका लेखकाच्या थोड्याशा मजकुराने उचलला आहे. तेवढा मजकूर नसता तर तोही भार कोणी उचलला नसता.

म्हणून या प्रस्तावनेत एकच गोष्ट सांगायची आहे. महामारीत जगलेल्या माणसाने स्वतःबद्दल लिहिलेले चार शब्द हे खासगी मन मोकळे करणे आहेच, पण त्याहून अधिक तो सार्वजनिक पुरावा आहे. सरकारी दफ्तर, रुग्णालयाची नोंदवही आणि जनगणना जे टिपू शकत नाहीत ते त्यातच टिपले जाते. तो वेळेवर गोळा झाला नाही तर पुढे कितीही पैसा आणि कितीही संशोधक लावले तरी मिळत नाही.

प्लेगच्या काळातलीच दोन उदाहरणे घेतली तर या नुकसानीचा अंदाज येतो. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आजाऱ्यांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला. त्यांच्या या अखेरच्या कामाबद्दल आपण आदराने बोलतो, पण जे बोलतो ते सगळे इतरांनी सांगितलेले आहे. याउलट १८७७ च्या दुष्काळात त्यांनी ओतूरहून ज्योतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाने गांजलेली माणसे आहेत, गुरे आहेत, सावकारांविरुद्ध उसळलेला राग आहे आणि सत्यशोधकांनी चालवलेले मदतकार्य आहे. दुष्काळाच्या सावित्रीबाई आपल्याशी स्वतः बोलतात. प्लेग आला तोवर ज्योतिराव जाऊन सहा वर्षे झाली होती. ज्यांना पत्र लिहावे ते उरले नव्हते. दवाखान्यात रोज किती माणसे येत, त्यांना कोण आणून सोडे, कोणत्या जातीच्या माणसाला कोण हात लावायला तयार होई, हे सावित्रीबाईंच्या नजरेतून कळले असते तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्याबद्दलची आपली समज आज वेगळी असती. दुसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. १८९७ मध्ये ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. प्लेगच्या झडत्यांमध्ये गोऱ्या सोजिरांनी पुण्यातल्या स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांना पुण्याच्या पत्रांतून कळले आणि त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात मांडले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. नाव देऊन साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, येण्याची सोयही नव्हती. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. झडतीला आलेल्या सोजिरांचे अहवाल शाबूत राहिले आणि ज्यांच्या घराचे उंबरे ओलांडले गेले त्या बायकांचे म्हणणे कायमचे ‘अप्रमाणित’ ठरले. बेअब्रूच्या भीतीने माणसे गप्प बसली, हे खरे. पण त्या गप्प बसण्याचा फायदा कोणाला झाला हेही तितकेच स्पष्ट आहे.

करोनाच्या काळात नोंदी ठेवण्याची साधने अफाट वाढली होती, त्यामुळे असे आता होणार नाही असे वाटू शकते. घडले मात्र तसेच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात करोनाने झालेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा पावणेपाच लाखांच्या थोडा वर होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये याच दोन वर्षांतल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. भारत सरकारने त्याची पद्धतच अमान्य केली. या वादात कोण किती बरोबर हे संख्याशास्त्राचे जाणकार ठरवोत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रासह काही राज्यांत आलेले अर्ज नोंदलेल्या मृत्यूंहून जास्त निघाले, गुजरातेत तर कितीतरी पट. कुटुंबांना विचारले गेले तेव्हा मृत्यू दिसू लागले. त्याहून बोलके उदाहरण प्राणवायूचे आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या रुग्णालयात टाकीला गळती लागून रुग्ण दगावले. मे महिन्यात गोव्यातल्या मुख्य सरकारी रुग्णालयात पहाटेच्या काही तासांत माणसे एकापाठोपाठ एक जात राहिली, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. त्याच वर्षी २० जुलैला केंद्राने राज्यसभेत सांगितले की प्राणवायूच्या तुटवड्यामुळे झालेल्या मृत्यूंची अशी वेगळी माहिती राज्यांनी कळवलेली नाही. हे उत्तर तांत्रिक दृष्ट्या चूक नसेलही. ज्या तक्त्यात मृत्यू भरायचे होते त्यात असा रकानाच नव्हता. पण सिलिंडर शोधत रात्रभर फिरलेल्या हजारो नातेवाइकांना काय घडले ते माहीत आहे. त्यांनी लिहिले नाही तर पन्नास वर्षांनी ते उत्तरच इतिहास म्हणून उरेल.

वुहानमध्ये साक्ष पुसली जाणे आणखी लवकर आणि आणखी उघडपणे घडले. २३ जानेवारी २०२० रोजी शहर बंद झाले आणि दोनच दिवसांनी लेखिका फांग फांग यांनी रोजची नोंद समाजमाध्यमावर टाकायला सुरुवात केली. पुष्कळदा ती पुसली जाई, वाचक ती आधीच उतरवून पुढे पाठवत. त्या नोंदींत मोठे गौप्यस्फोट नाहीत. हवामान आहे, भाजीची व्यवस्था आहे, ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या गोष्टी आहेत, मेलेल्या माणसांच्या नावांचा आग्रह आहे. एवढ्या साध्या मजकुरासाठी त्यांच्यावर देशद्रोहाचे शिंतोडे उडाले. जो मजकूर निरुपद्रवी आहे तो पुसण्याचे श्रम कोणी घेत नाही.

अशा लेखनाने वैद्यकशास्त्राचीही समज बदलली, हे अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. साथीच्या सुरुवातीला सांगितले जात होते की सौम्य आजार असेल तर दोन आठवड्यांत माणूस बरा होतो. बरे न झालेली माणसे आपापल्या देशांत स्वतःबद्दल लिहू लागली: दोन महिने झाले तरी जिना चढता येत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, छाती धडधडते. इटलीतल्या एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये ‘लाँग कोविड’ असे लिहिले. त्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक आहेत, डॉक्टर नव्हेत. रुग्णांनी ते नाव उचलले, डॉक्टरांनी रुग्णांकडून घेतले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या प्रसिद्ध केली. वास आणि चव जाण्याचेही काहीसे असेच. माणसे मार्च २०२० पासून ते सांगत होती. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या लक्षणांच्या यादीत ते जूनमध्ये आले. ‘मला असे होते आहे’ हे वाक्य विज्ञानाच्या दृष्टीने कच्चे असते, हे कबूल. पण शास्त्रज्ञाने कशाचे मोजमाप करायचे, हे बहुधा त्याच वाक्यातून ठरते.

अशा लेखनाला पुरावा मानण्याविरुद्ध पहिला आणि वजनदार आक्षेप स्मृतीच्या बेभरवशीपणाचा आहे. माणूस आठवतो ते घडलेले असतेच असे नाही. जर्मन संशोधकांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर थेट या साथीबद्दलच होता. लोकांनी साथ भरात असताना दिलेली उत्तरे आणि नंतर ‘तेव्हा तुम्हाला धोका किती वाटत होता’ यावर दिलेली उत्तरे ताडून पाहिली तेव्हा लस घेतलेल्यांना आपली तेव्हाची भीती होती त्याहून मोठी आठवत होती आणि न घेतलेल्यांना होती त्याहून लहान. प्रत्येकाने आजच्या भूमिकेला साजेसा भूतकाळ रचला होता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष ‘लिहू नका’ असा नाही. ‘लवकर लिहा, तारीख घाला आणि मागाहून सुधारू नका’ असा आहे. सॅम्युएल पीप्सची लंडनमधल्या १६६५ च्या प्लेगच्या दिवसांची रोजनिशी आणि डॅनियल डिफोचे १७२२ चे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. साथीच्या वेळी डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याने नंतर कागदपत्रे वाचून साथीचे सलग चित्र उभे केले आणि ते वाचकाला पछाडते. पीप्स मात्र भीतीच्या ओळीनंतर लगेच कपड्यांबद्दल, जेवणाबद्दल, वाढत्या मिळकतीबद्दल लिहितो. माणसे साथीतही कपड्यांचा विचार करतात, हे नंतर लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही, आणि सुचले तरी ते लिहिताना संकोच होतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अधिक बोचतो. लिहिले कोणी? ज्यांना पगार चालू होता, स्वतंत्र खोली होती, वेळ होता त्यांनी. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून पायी निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायचे होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. त्यांच्यापैकी कोणी डायरी लिहिली नव्हती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या आशाताईंनी लाखो लोकांच्या नोंदी केल्या, स्वतःची नोंद करायला त्यांना सवड नव्हती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले होते. तेव्हा साथीचे आत्मपर साहित्य हे मध्यमवर्गाच्या बाल्कनीतून दिसलेले दृश्य आहे, असे कोणी म्हटले तर नाकारता येत नाही. पण म्हणून बाल्कनीतल्याने लिहू नये, असे म्हटल्याने रस्त्यावरच्याचा आवाज वाढत नाही. वाढवायचा तर लिहिता येणाऱ्यांनी दुसऱ्याचे ऐकून, त्याच्याच शब्दांत, त्याच्या संमतीने उतरवून घ्यावे लागेल. स्मशानातला कर्मचारी, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, बंद पडलेल्या हॉटेलातला आचारी यांच्याकडे सांगण्यासारखे आहे आणि ते विचारल्याशिवाय बोलणार नाहीत. मध्यमवर्गीयानेही स्वतःबद्दल लिहिताना कामवाल्या बाईंचा पगार त्या महिन्यांत चालू ठेवला की थांबवला, एवढे प्रामाणिकपणे नोंदले, तरी ते लेखन खिडकीबाहेर गेले असे मी म्हणेन.

साथीबद्दल फार लिहिले गेले आणि सगळे सारखेच लिहिले गेले, अशीही तक्रार ऐकू येते. ती पुष्कळशी खरी आहे आणि तिचे कारण सांगता येते. बहुतेकांना बोध काढण्याची घाई झाली होती. निसर्ग मोकळा श्वास घेऊ लागला, कुटुंब जवळ आले, गरजा किती थोड्या असतात ते कळले. ही वाक्ये टाळेबंदीच्या पहिल्याच पंधरवड्यात तयार झाली आणि पुढे दोन वर्षे फिरत राहिली. ज्या घरात सहा माणसे एका खोलीत होती तिथे जवळ येण्याचा अर्थ निराळा होता. ज्या बाईला मारहाण होत होती तिच्यासाठी तर तो भयानक होता. बोध सगळ्यांचे सारखे असतात, तपशील कोणाचेच सारखे नसतात. आषाढीला २०२० मध्ये संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ही बातमी सर्वांना माहीत आहे. पण पन्नास वर्षे न चुकलेल्या वारकऱ्याने त्या दिवशी घरी बसून काय केले, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार? पुढच्या पानांवरचे लेखन वाचताना वाचकाने हाच निकष लावावा: यातले काय फक्त याच माणसाला माहीत असू शकते?

शेवटचा आक्षेप दुःख भोगलेल्यांच्या बाजूने येतो. झाले ते झाले, जखमा का उकरायच्या, विसरू द्या. या म्हणण्यातली करुणा खरी आहे. पण आपल्याकडे विसरण्याचीही एक रीत आहे, आणि ती सांगण्यातून जाते. घरात मृत्यू झाला की दहा-बारा दिवस माणसे भेटायला येतात. प्रत्येक जण विचारतो, ‘कसे झाले?’ आणि घरचे माणूस प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते: दुपारी जेवले होते, मग छातीत दुखायला लागले, मग अमक्याने गाडी काढली. विसाव्या वेळी सांगताना आवाज स्थिर होतो. करोनात ही रीत मोडली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, कित्येकांचा देह घरी आलाच नाही, घरचे स्वतः विलगीकरणात होते. सांत्वन फोनवरून दोन मिनिटांत उरकले गेले. ‘कसे झाले’ हे विचारायला कोणी आले नाही, म्हणून ते सांगायचेही राहिले. न सांगितलेले विसरता येत नाही, ते तसेच अडून राहते. ऐकले गेले तेव्हा काय झाले हे महाराष्ट्राने पाहिले आहे. करोनाने पती गमावलेल्या स्त्रियांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली, कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन या बायकांचे म्हणणे ऐकले, आणि जमिनीवरचा हक्क, सासरची वागणूक, रुग्णालयाच्या बिलासाठी काढलेले कर्ज हे प्रश्न समोर आले. राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. ते पुरेसे होते असे मी म्हणत नाही. पण मृतांच्या तक्त्याकडे कितीही वेळ पाहिले असते तरी त्यातून सासरी हिस्सा नाकारली गेलेली पंचविशीतली बाई दिसली नसती.

अजून पुष्कळ मिळवता येण्यासारखे आहे, पण वेळ कमी आहे. त्या दोन वर्षांचे लेखन बहुतांशी कागदावर नाहीच. खाट कुठे रिकामी आहे, रेमडेसिविर कोणाकडे मिळेल, प्लाझ्मा कोण देईल हे विचारणारे निरोप व्हॉट्सअॅपवर होते आणि फोन बदलताना त्यातले कितीतरी गेले. अतिदक्षता विभागातून घरच्यांना पाठवलेले आवाज, व्हिडिओ कॉलवरून घेतलेला निरोप, सोसायटीच्या सूचना, शाळेच्या ऑनलाइन वर्गाची वेळापत्रके, आशाताईंच्या वह्या, सरणाच्या लाकडाच्या पावत्या हे सगळे दस्तऐवज आहेत आणि त्यांना दस्तऐवज समजून जपणारे थोडे आहेत. गावातले वाचनालय, महाविद्यालयाचा मराठी किंवा इतिहास विभाग, महिला बचत गट यांच्यापैकी कोणालाही हे काम हाती घेता येईल. त्यासाठी निधीपेक्षा दोन तास बसून ऐकण्याची तयारी लागते आणि प्रश्न नेमके लागतात. तुम्हाला कसे वाटले, हे विचारू नये. पहिला ताप कोणत्या दिवशी आला, रुग्णवाहिका किती वेळाने आली, दाखल करताना किती पैसे भरायला सांगितले, शेवटचे बोलणे कोणाशी आणि काय झाले, शेजारच्यांपैकी कोणी डबा दिला आणि कोणी दार लावले, शाळा सुटलेली मुलगी पुन्हा शाळेत गेली का, कर्ज कोणाकडून काढले आणि त्यातले किती अजून फेडायचे आहे, हे विचारावे.